दहा मीटरला एक किलो

पोरी, जलसुरक्षकाचं काम अंगावर घेतलंस, बरं केलंस. ग्रामपंचायत तुला पाना देईल, रजिस्टर देईल, क्लोरीन तपासायची बाटली देईल. माझ्याकडे द्यायला एक ओळ आहे, ती कानात ठेव: दहा मीटरला एक किलो. पाणी जितकं खाली उतरतं तितका त्याचा दाब वाढतो, आणि दर दहा मीटर उतरणीला तो चौरस सेंटीमीटरमागे एक किलोने वाढतो. पाइप लोखंडाचा असो की प्लास्टिकचा, सरळ असो की वेडावाकडा, बोटाएवढा असो की मांडीएवढा, उभं राहिलेल्या पाण्याचा हा हिशेब बदलत नाही. हातपंप आणि पाइपलाइनच्या कामात जव्हार-मोखाड्याचे पाडे फिरलो. फुटलेले पाइप, कोरडे नळ आणि त्यावरून पेटलेली भांडणं बघितली, त्यातली निम्मी तरी ह्या ओळीत सुटतात. उरलेली राजकारणाची असतात, ती तुझी तू बघ.

पाइप आला की आधी त्याच्यावर छापलेलं वाच. चार किलो, सहा किलो, दहा किलो असे आकडे असतात. ठेकेदार म्हणेल, मामुली फरक आहे. मामुली नाही. चार किलोचा पाइप म्हणजे चाळीस मीटर उतारापर्यंतचा पाइप, सहा किलोचा म्हणजे साठ मीटरचा. झरा वर डोंगराच्या पोटात, पाडा खाली, आणि दोघांमध्ये पंचावन्न मीटरचा उतार असला तर चार किलोचा पाइप फुटणारच. तो वरच्या टोकाला सहसा फुटणार नाही, खाली, जिथे लाइन सगळ्यात खोल गेली तिथे फुटेल. आणि बहुतेक वेळा रात्री फुटेल. लोक म्हणतात कोणी मुद्दाम फोडला. अगं, दिवसा नळ चालू असतात, पाणी वाहतं आणि वाहताना पाइपाला घासून थोडा दाब रस्त्यातच खर्चतं. रात्री सगळे नळ बंद, पाणी उभं, म्हणजे पंचावन्न मीटरचा पुरा साडेपाच किलो खालच्या जोडावर. तेव्हा चोर शोधण्याआधी उतार मोज.

उतार फार असेल आणि जाड पाइपाला पैसे नसतील तर मध्ये एक उघडी टाकी बांधून घे. वरचं पाणी त्या टाकीत मोकळं पडू दे आणि तिथून पुन्हा नवी लाइन काढ. टाकीत पाण्याच्या वर मोकळी हवा आहे, म्हणून वरच्या उताराचा सगळा दाब तिथे संपतो आणि खालच्या पाइपाचा हिशेब शून्यापासून सुरू होतो. फक्त टाकीला झाकण हवं आणि सांडव्याचं भोक हवं, नाहीतर बेडूक आणि पालापाचोळा यांचीच योजना होईल.

मोजायचं कसं? मोबाइलमध्ये उंची दाखवतात, पण दोन-पाच मीटर इकडेतिकडे होतात आणि पाच मीटर म्हणजे अर्धा किलो. गवंडी वापरतो ती पारदर्शक नळी घे, पंधरा-वीस मीटर लांबीची, आणि दोन काठ्या घे ज्यांच्यावर सेंटीमीटरच्या खुणा आहेत. नळीत पाणी भर, बुडबुडा एकही ठेवू नकोस. दोन्ही तोंडं उघडी असली की दोन्हीकडच्या पाण्याचा माथा एकाच पातळीत येतो, मधली नळी खड्ड्यात पडलेली असो की दगडावर चढलेली. एकीकडे पाणी वर असतं तर नळीच्या तळाला तिकडून दाब जास्त पडला असता आणि पाणी दुसरीकडे सरकलं असतं. ते सरकायचं थांबतं तेच दोन्ही बाजू सारख्या झाल्यावर. दोन काठ्यांवरचे आकडे वजा केले की त्या टप्प्याचा उतार मिळाला. टप्पे करत झऱ्यापासून शेवटच्या नळकोंडाळ्यापर्यंत जा, आकडे वहीत मांड. बुडबुडा राहिला तर आकडा खोटा निघतो, म्हणून नळी भरताना घाई करायची नाही. जोडीला कोणी समजदार बाई घे. पुरुष मंडळी नळी धरून मोबाइल बघतात.

आता टाकीचं. समितीच्या बैठकीत हमखास कोणी उठून म्हणेल, नळाला जोर नाही, मोठी टाकी बसवा. तू हसू नकोस, पण ऐकूही नकोस. जोर टाकी किती मोठी यावर ठरत नाही, पाण्याचा माथा नळापेक्षा किती वर यावर ठरतो. पाचशे लिटरची टाकी आणि पाच हजार लिटरची टाकी, दोन्हींत पाणी एकाच पातळीला असेल तर नळाशी दाब तोच. मोठी टाकी जास्त वेळ पुरते, बस. दहा फुटांच्या ओट्यावर टाकी ठेवली की तीन मीटर, म्हणजे तीन दशांश किलो. नळाला बादली लावायला तेवढं पुरतं. टाकी डोंगराच्या टेपावर आणखी दहा मीटर वर नेली की एक किलो वाढला, सिमेंटही वाचलं. आणि जोर कमी वाटतो त्याचं दुसरं कारण बारीक पाइप. बारीक पाइपात उभ्या पाण्याचा दाब जाड पाइपाइतकाच, पण पाणी पळायला लागलं की घासणीत जातो. म्हणून नळ बंद करून प्रेशर गेज लाव, मग नळ उघडून बघ. बंद असताना काटा चांगला आणि उघडल्यावर एकदम खाली आला, तर पाइप बारीक आहे किंवा आत गाळ अडकलाय. बंद असतानाही काटा खालीच राहिला, तर टाकीतच पाणी खाली गेलंय, टाकी मुळातच खाली आहे, किंवा कुठेतरी मोठी गळती आहे. या दोन वाचनांवर अर्धी दुरुस्ती ठरते, खोदाखोद वाचते.

ही उंचीची गोष्ट समजली की तुला आपल्या तालुक्याचं दुखणंही समजेल. कोचाळ्याजवळ मुंबई महापालिकेने मध्य वैतरणा धरण बांधलं, भिंत सुमारे १०२ मीटर उंच. धरण भरून पाणी भिंतीला ऐंशी मीटर चढलं तर पायथ्याशी चौरस सेंटीमीटरला आठ किलो, म्हणजे दर चौरस मीटरवर ऐंशी टन. म्हणून भिंत खाली रुंद आणि वर अरुंद असते. ते पाणी नदीतून मोडक सागरात आणि तिथून भांडुपकडे उताराने जातं, कारण मुंबई खाली आहे. आपला पाडा माथ्यावर आणि धरण दरीत. तिथून शंभर मीटर वर पाणी चढवायचं तर पंपाला दहा किलोचा दाब द्यावा लागेल, वर घासणीचा वेगळा, आणि महिन्याला विजेचं बिल. पाऊस इथे अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, आणि एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतो तेही आपणच. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी पाण्याला उतार कळतो, जिल्हा कळत नाही. चीड आली तर येऊ दे, पण मागणी करताना आकडा घेऊन बस: पाणी किती मीटर वर हवं आणि त्याचं बिल कोण भरणार. मला विचारशील तर माथ्याजवळचा झरा, वाहतो लिटरभर का असेना, दरीतल्या समुद्राएवढ्या साठ्यापेक्षा पाड्याला जास्त कामाचा. त्याचा दाब फुकट मिळतो.

झऱ्याच्या लाइनवर नळ कोरडा पडला आणि झरा मात्र वाहतोय, असं झालं तर चढाच्या जागा बघ. पाइप कुठे टेकाडावर चढून पुन्हा उतरलाय का? त्या उंचवट्यावर हवा अडकते. हवा हलकी, ती वर जाऊन बसते आणि पाण्याला जायला जागा ठेवत नाही. मागचा उतार जेमतेम असला की पाण्याचा दाब तिला ढकलू शकत नाही. तिथे एअर व्हॉल्व्ह हवा. तो नसेल तर उंचवट्याजवळचा जोड जरा सैल कर. फुस्स आवाज होऊन हवा निघेल, मग पाणी थुंकत थुंकत येईल, मग धार. पाइपात भोक पाडायचा सल्ला देणारे भेटतील, ते ऐकू नकोस. लाइन कधी ओढीवर आली की त्याच भोकातून बाहेरचं घाण पाणी आत जातं. सगळ्यात खोल जागी गाळ काढायचा व्हॉल्व्ह ठेव आणि पावसाळ्यानंतर तो एकदा पूर्ण उघडून दे. लाइन नव्याने भरताना व्हॉल्व्ह थोडाच उघड, हवेला बाहेर पडायला वेळ दे.

व्हॉल्व्हचं चाक बंद करतानाही तेच, हळू. लोखंडी जीआय पाइपात सेकंदाला मीटरभर पळणारं पाणी एकदम अडवलं तर दहा-बारा किलोचा जादा धक्का बसू शकतो. पीव्हीसी थोडं फुगून सोसतं म्हणून तिथे तीन-चार किलो. धप्प असा आवाज येतो तो हाच. साठ मीटर उताराला साठ मीटरचाच पाइप घेतला असेल तर त्या धक्क्याला जागाच उरत नाही, म्हणून पाइप नेहमी एक पायरी वरचा घ्यायचा. गावातली पोरं पाण्याच्या वेळेला चाक गर्रकन फिरवून हुशारी दाखवतात. चावी तुझ्याकडे ठेव.

आता ओढायचं पाणी. ढकलण्याला हद्द नाही, पाइप सोसेल तोवर ढकल. ओढायला मात्र हद्द आहे आणि ती निसर्गाने घातलेली आहे. विहिरीच्या काठावर बसवलेली मोटर पाणी ओढते असं आपण म्हणतो, पण ती फक्त पाइपातली हवा काढून टाकते. पाणी वर चढवते ती बाहेरची हवा, विहिरीतल्या पाण्यावर दाबून. त्या हवेचा दाब समुद्रकाठी चौरस सेंटीमीटरला जेमतेम एक किलो. आता आपली ओळ लाव. एक किलो म्हणजे दहा मीटर. त्याच्या वर हवा पाणी चढवू शकत नाही, मोटर पाचची लाव की पन्नासची. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, तिथे हवा शेकडा पाचने हलकी, म्हणजे हद्द आणखी अर्धा मीटर खाली. त्यात जोडातून शिरणारी हवा, घासणी आणि पाण्याची वाफ धर, तर सात मीटरच्या पुढे भरवसा ठेवायचा नाही. मेमध्ये विहीर खाली जाते, मोटर नुसती गुरगुरते आणि सरपंच नवी मोठी मोटर आणायला निघतो. त्याला थांबव. मोटर खाली विहिरीतल्या ओट्यावर उतरव, किंवा पाण्यात बुडणारा पंप टाक. तो पाणी खालून ढकलतो, मग हद्दीचा प्रश्नच नाही. मोटर बंद केल्यावर पाइपातलं पाणी परत विहिरीत पडत असेल तर फूट व्हॉल्व्ह तपास. त्याच्या चामड्यात एक खडा अडकला तरी पुरतो.

ही हद्द फार जुनी आहे. इटलीत गॅलिलिओच्या काळातल्या कारागिरांना कळत नव्हतं की पंप दहा मीटरच्या वर पाणी का देत नाही. त्याच्या शिष्याने, टॉरिचेलीने, १६४३-४४ च्या सुमारास पाण्याऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या साडेतेरापट जड, म्हणून दहा मीटरऐवजी ७६ सेंटीमीटरवर थांबला आणि काचेच्या नळीत मावला. मग पास्कल म्हणाला, हे जर हवेच्या वजनाने होत असेल तर डोंगरावर पारा खाली यायला हवा. तो स्वतः गेला नाही, मेव्हण्याला पाठवलं. १९ सप्टेंबर १६४८ ला तो मेव्हणा फ्रान्समधल्या प्यी द दोम नावाच्या डोंगरावर नळी घेऊन चढला आणि पारा सुमारे साडेआठ सेंटीमीटर उतरला. तुला नळी नको. मोखाड्याहून एसटीने तोरंगण घाट चढून त्र्यंबकला जाताना कान दडपतात ना, तोच प्रयोग आहे. बाहेरची हवा विरळ होते आणि कानाच्या पडद्याआडची जुन्याच दाबात राहते. आवंढा गिळ, नाहीतर जांभई दे, सुटतील. तान्हं पोर घाटात रडायला लागलं तर त्याला पाजायला सांग. गिळलं की त्याचेही कान सुटतात. आणि डब्यात लोणचं घेऊन घाट चढत असशील तर झाकण एकदा सैल करून पुन्हा लाव, पिशवी तेलकट होणार नाही.

हातपंपाकडे येऊ, ते माझं खरं घर. आपल्याकडे आहे तो इंडिया मार्क टू. त्याचं मूळ महाराष्ट्रातलंच: मिशनच्या लोकांनी आधी जालन्याला आणि मग सोलापूरला दणकट लोखंडी पंप केले, आणि त्या सोलापूर पंपावरून युनिसेफच्या मदतीने सत्तरच्या दशकात मार्क टू तयार झाला. त्याचा सिलिंडर खाली पाण्यात बुडलेला असतो, म्हणून सात मीटरची हद्द त्याला लागत नाही. तो पाणी उचलतो. पण उचलायचं वजन असतं. सिलिंडरची आतली रुंदी अडीच इंच, म्हणजे साधारण बत्तीस चौरस सेंटीमीटर. पाणी तीस मीटर खाली असेल तर तीन किलोच्या हिशेबाने बत्तीस गुणिले तीन, जवळजवळ शहाण्णव किलो पाण्याचाच भार, सळ्यांचा वेगळा. हँडलची पट्टी आठाला एक, म्हणून बाईच्या हाताला त्याचा आठवा हिस्सा, बारा किलो येतो. दिवाळीत हलका चालणारा पंप मेमध्ये जड झाला म्हणून तक्रार आली तर आधी पाण्याची पातळी विचार. पंप बिघडलेला नाही, पाणी खाली गेलंय. उलट हँडल एकदम हलकं झालं आणि पाणी येत नाही, तर सळी सुटली किंवा तुटली. हँडल नेहमीसारखं पण धार बारीक, तर वायसर झिजले. सकाळी पहिल्यांदा खूप मारल्यावर पाणी येतं आणि नंतर नीट चालतं, तर खालचा व्हॉल्व्ह रात्रभर गळतोय. पाना हातात घेण्याआधी हँडल हातात घे, बाकी ते सांगतं.

घरातल्या दाबाचं तुझी मामी सांगेल, मी एवढंच सांगतो. कुकरमध्ये शिट्टी होते तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा एक किलो दाब जास्त असतो, म्हणून पाणी शंभराऐवजी एकशेवीसच्या जवळ जाऊन उकळतं आणि तूर लवकर शिजते. जव्हारला उघड्या पातेल्यात पाणी साडेअठ्ठ्याण्णवलाच उकळतं, म्हणून वालाला वेळ लागतो. कुकरचं झाकण वीतभर रुंद धर, म्हणजे तीनशे चौरस सेंटीमीटरच्या वर. एक किलो दाबाला त्या झाकणावर तीनशे किलोचा रेटा. शिट्टी संपली आणि दाब दहावा हिस्सा उरला तरी तीस किलो आहेतच. झाकण ओढून काढणारी आणि शिट्टीवर चमच्याने मारणारी माणसं हा हिशेब करत नाहीत. शिट्टीच्या भोकातून दर वेळी फुंकून बघ, भाताचा दाणा अडकला असेल तर कळेल. गॅसच्या टाकीत आत पाच-सात किलोचा दाब असतो आणि शेगडीकडे जातो तो फक्त तीस सेंटीमीटर पाण्याएवढा. मधला सगळा फरक रेग्युलेटर खातो. म्हणून रेग्युलेटर कोणाकडून ठोकून-ठाकून दुरुस्त करून घ्यायचा नाही, बदलायचा. गळती साबणाच्या फेसाने बघ. टाकी आडवी करून शेवटचा गॅस काढायची युक्ती करू नकोस. आडव्या टाकीतून द्रव येतो, वायू नाही.

डोक्यावरच्या पाण्याचं तुला काय शिकवायचं, पण पाड्यावरच्या पोरींना सांगत जा. हंडा जितक्या जागेवर टेकतो तितक्या जागेने त्याचं वजन वाटलं जातं. पंधरा किलोचा हंडा बुडाच्या उंचवट्यावर दहा चौरस सेंटीमीटरला टेकला तर दर सेंटीमीटरला दीड किलो. चांगली जाड चुंबळ घालून ते पाऊणशे सेंटीमीटरवर पसरवलं तर दोन दशांश. वजन तेच, मानेवरचा भारही तोच राहतो, हे लपवायचं नाही. चुंबळ टाळू वाचवते, मणका वाचवत नाही. तीन हंडे एकावर एक घेणाऱ्या पोरीचं कौतुक करणारे शहरातून येतात, फोटो काढून जातात. तू तिला दोन खेपा करायला सांग. आणि खांद्यावर कॅन टांगत असतील तर सुतळीऐवजी जुन्या साडीचा चार बोटं रुंद पट्टा.

हीच गोष्ट चिखलात. उन्हाळ्यात तलावाचं पाणी मागे सरतं, कडेला गाळ उरतो, वरून वाळलेला आणि खाली दलदल. बाया पाण्यासाठी त्यातून आत जातात. साठ किलोचं माणूस दोन पावलांवर उभं असेल तर सेंटीमीटरला दोन दशांश किलोच्या आसपास, एक पाऊल उचललं की दुसऱ्यावर दुप्पट, म्हणून धडपडणारा माणूस जास्त रुततो. रुतलीस तर उठायला बघू नकोस, मागे आडवी हो. अंग पसरलं की तोच भार दहापट जागेवर जातो आणि गाळ धरतो. पाय सरळ वर ओढायचा नाही. पावलाखाली पोकळी होते, तिथे हवा पोचत नाही आणि वरची हवा पाय दाबून धरते. घोटा फिरव, बाजूला हलव, पाणी किंवा हवा खाली शिरू दे, मग तो सुटतो. बाहेरच्याने हात देण्याऐवजी शिडी, फळी, दाराचं पान, काहीही आडवं टाकावं. तलावाकडे जाताना अशी एक फळी काठावर कायम पडलेली असू दे, जळणाला कोणी नेणार नाही एवढी जड.

रस्ता नसलेल्या पाड्यावरून बाळंतीण किंवा आजारी माणूस डोलीतून जव्हारच्या कुटीर रुग्णालयाकडे किंवा मोखाड्याला न्यायची वेळ येते, ती अजून संपलेली नाही. नर्सताईने सलाईन लावून दिलेलं असलं तर बाटली धरायचं काम बहुतेक वेळा तुझ्यासारखीच्या वाट्याला येतं. बाटली हातापेक्षा मीटरभर वर हवी. शिरेतल्या रक्ताला थोडा दाब असतोच; बाटली त्याच्या खाली गेली की औषध आत जाण्याऐवजी रक्त नळीत उलटं येतं. उतारावर पुढचा माणूस खाली आणि मागचा वर असतो, म्हणून बाटली धरणारीने उतरताना आजाऱ्याच्या हाताच्या बाजूने, हाताएवढ्याच उंचीच्या जमिनीवर चालावं. ओढा ओलांडताना काठी उंच करून तिला बाटली बांधून घे. रक्त नळीत दिसलं तर घाबरून नळी ओढू नकोस, बाटली उंच कर आणि नर्सताईला सांग.

राहिला बंधारा. पावसाळा संपला की रिकामी सिमेंटची पोती जमवून ओहळावर वनराई बंधारा घालतात, तो यंदा तुझ्या अंगावर येईल. लोक विचारतील, मागे पाणी दोनशे मीटर साचणार, एवढा भार पोती सोसतील का? मागे किती लांब पाणी आहे त्याचा बंधाऱ्याशी संबंध नाही, बंधाऱ्यापाशी ते किती खोल आहे तेवढंच बघ. एक मीटर वीस सेंटीमीटर उंच पाणी असेल तर दर मीटर लांबीला सातशेवीस किलोचा रेटा, ओहळ दोनशे मीटर भरो की वीस. पण उंची दुप्पट केलीस तर रेटा चौपट होतो. म्हणून पोत्यांचा बंधारा कमरेच्या वर नेऊ नकोस, गावकऱ्यांचा उत्साह कितीही असो. उंच एकाऐवजी ओहळावर खालीवर दोन बुटके घाल.

तळाची रांग सगळ्यात रुंद, उंचीच्या निदान दीडपट तरी. वर जाताना एकेक पोतं कमी. सांधे एकावर एक येऊ देऊ नकोस. पोती गच्च भरू नकोस, पाऊण भर, म्हणजे ती बसतात आणि फटी बुजतात. बसवण्याआधी तळातली रेती आणि पालापाचोळा खरवडून खडक किंवा घट्ट माती लागू दे, कारण पाणी पोत्यांना ढकलून जाण्यापेक्षा खालून वाट काढतं, आणि ती वाट बोटभर झाली की रात्रीत हातभर होते. पाण्याच्या बाजूने चिकणमातीचा लेप, तोही तळाशी जाड. आणि मधली दोन-तीन पोती बाकीच्यांपेक्षा अर्धा फूट खाली ठेव, जादा पाणी तिथून सांडू दे, त्याच्या खाली दगड पसरून ठेव. कडेने सांडायला लागलं तर ओहळ काठ खाऊन बाजूने निघून जाईल आणि पोती तिथेच कोरडी राहतील.